पाच अमावस्या थांबू नका

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय २७. माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा असून पुण्यात वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग शिकत होता. दिवाळीच्या सुटीत घरी आला, तो परत गेलाच नाही. रात्रीच्या रात्री जागा असतो, अंघोळ टाळतो, एकटाच पुटपुटतो आणि मध्येच हसतो. शेजारचे लोक मोबाईलमधून आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणतो. गेल्या आठवड्यापासून आईने वाढलेल्या ताटातला पहिला घास तिलाच खायला लावतो. दोन महिने होत आले. आईला हे बाहेरचे वाटते. देवऋषीने पाच अमावस्यांच्या वाऱ्या सांगितल्या आहेत. वडील म्हणतात, या गोळ्या एकदा लागल्या की आयुष्यभर सुटत नाहीत. चुलते म्हणतात, लग्न करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. दवाखान्यात नेले तर शॉक देतील, वेड्यांच्या इस्पितळात ठेवून घेतील, ही भीती सगळ्यांनाच आहे. मला सध्या स्थळे येत आहेत. पाहुण्यांना कळले तर काय होईल, आणि हा आजार आमच्या रक्तातच असला तर काय, या विचाराने मलाही झोप लागत नाही. मी काय करू? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर :

प्रिय ताई,

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. भावाला याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि त्यासाठी घरातल्या सगळ्यांचे एकमत होण्याची वाट पाहू नका. पत्रावरून निदान करता येत नाही आणि ते मी करणारही नाही. परंतु झोप उडणे, स्वच्छतेचे भान सुटणे, इतरांना ऐकू न येणाऱ्या आवाजाला उत्तर दिल्यासारखे पुटपुटणे, आपल्यावर पाळत आहे आणि अन्नात काहीतरी कालवले जात आहे अशी पक्की खात्री वाटणे, ही लक्षणे जेव्हा एकत्र दिसतात तेव्हा डॉक्टर त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. ती स्किझोफ्रेनियाची, म्हणजे भास आणि संशय दीर्घकाळ मनाचा ताबा घेतात अशा आजाराची, सुरुवात असू शकते, बायपोलर आजाराचा (ज्यात कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी येते) किंवा तीव्र नैराश्याचा भाग असू शकते, गांजासारख्या पदार्थाच्या सेवनातून उद्भवलेली असू शकते, आणि क्वचित मेंदूतला संसर्ग, अपस्मार किंवा थायरॉइडचा बिघाड अशा शारीरिक कारणानेही तशीच लक्षणे दिसतात. यांपैकी नेमके काय आहे, हे प्रत्यक्ष तपासणीतूनच ठरते. वसतिगृहात तो काही ओढत किंवा पीत होता का, असे डॉक्टर विचारतील. तो प्रश्न निदानासाठी असतो, तेव्हा वडिलांनी तो घराण्याचा अपमान समजू नये, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

घाई करायला मी का सांगते आहे, ते समजून घ्या. हे आजार पोरसवदा वयातच डोके वर काढतात. मुलग्यांमध्ये तर विशीच्या आसपास. सायकोसिसची पहिली लक्षणे दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितके पुढचे सुधारणे संथ आणि अपुरे होत जाते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. तुमच्या भावाचे दोन महिने गेले आहेत. पाच अमावस्या म्हणजे आणखी चार-पाच महिने, आणि त्या महिन्यांत आजार जागच्या जागी थांबून राहणार नाही.

आता आईविषयी, कारण घरातली खरी अडचण तिथे आहे असे तुमच्या पत्राच्या ओळी-ओळींतून जाणवते. बाधा वगैरे काही नसते, हे तिच्याकडून वदवून घेण्याच्या मागे लागू नका. तो वाद तुम्ही जिंकलात तरी आठवडे निघून जातील, आणि हरलात तर भाऊ दवाखान्यात पोहोचणारच नाही. आईच्या मनात काय चालले असेल, याचा विचार करा. सोन्यासारखा मुलगा आपल्या हातचे अन्न संशयाने पाहतो, यापेक्षा मोठे दुःख आईला कोणते असणार? बाहेरचे आहे असे मानले की निदान त्यात मुलाचा दोष राहत नाही आणि तिचाही राहत नाही. त्या समजुतीत तिला आधार मिळतो आहे. तोच आधार तुम्ही तिला दुसऱ्या वाटेने देऊ शकता. हा मेंदूच्या कामकाजाशी निगडित आजार आहे, तो त्याने ओढवून घेतलेला नाही आणि तुझ्या वाढवण्यात काही कमी पडले म्हणूनही झालेला नाही, हे तिला शांतपणे आणि वारंवार सांगा. एके काळी मोठमोठे मनोविकारतज्ज्ञसुद्धा स्किझोफ्रेनियाचे खापर आईच्या थंड किंवा दडपून टाकणाऱ्या स्वभावावर फोडत असत. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो सिद्धान्त अमेरिकेत चांगलाच रुजला होता आणि त्याने असंख्य निरपराध आयांना आयुष्यभराची अपराधी भावना दिली. पुढच्या संशोधनात त्याला कोणताही आधार सापडला नाही आणि तो टाकून देण्यात आला. आनुवंशिकता, गर्भावस्थेपासून मेंदूची झालेली घडण, पुढे येणारे ताण, काहींच्या बाबतीत व्यसन, अशा अनेक गोष्टींच्या गुंत्यातून हा आजार उद्भवतो. एखादा विषय राहिल्यामुळे किंवा घरच्यांनी शिकायला बाहेर पाठवल्यामुळे एवढे होत नाही.

म्हणून आईला सांगा की देवाचे करायला कोणी अडवत नाही. तिने अंगारा लावावा, नवस बोलावा, कुलदैवताला जाऊन यावे; मात्र डॉक्टरांची भेट अमावस्येच्या आधी होईल आणि औषधाचा एकही डोस चुकणार नाही. अनेक घरांतून श्रद्धा आणि औषध दोन्ही शेजारी शेजारी नांदतात, आणि मला त्यात वावगे वाटत नाही. सीमारेषा मात्र पक्की असू द्या. मारणे, साखळीने किंवा दोरीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, उपाशी ठेवणे, गोळ्या बंद करायला लावणे, यांतले काहीही देवऋषीने सुचवले तर तिथून उठून यावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली असे छळ करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना त्याच वर्षी पुण्यात जीव गमवावा लागला, याचा आपल्याला विसर पडू नये. बांधून ठेवण्याचा शेवट कुठवर जाऊ शकतो, हे तमिळनाडूतल्या एरवाडीने देशाला दाखवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या एका आश्रयगृहाला पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेल्या पंचवीसहून अधिक मनोरुग्णांना हलताही आले नाही. त्यांना तिथे आणून सोडणारे बहुतेक त्यांचे आप्तच होते, आणि त्यांनी ते त्यांच्या बऱ्यासाठीच केले होते.

वडिलांची भीती पूर्णपणे निराधार आहे असे मी म्हणणार नाही, पण ती चुकीच्या गोळीला चिकटली आहे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि चिंता शमवणाऱ्या काही गोळ्या दीर्घकाळ, मनाने घेतल्या तर त्यांची सवय लागते. आपल्याकडे अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे लोक ओळखीत असतात आणि त्यामुळे मानसिक आजाराचे प्रत्येक औषध त्याच माळेत ओवले जाते. सायकोसिसवरची औषधे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कामावर मुख्यतः परिणाम करतात. त्यांची तलफ येत नाही, त्यांचा डोस नशेसाठी वाढवावासा वाटत नाही. त्यांतले पहिले औषध १९५२ मध्ये फ्रान्समध्ये रुग्णांना दिले गेले आणि त्यानंतर रुग्णालयांतच आयुष्य काढणाऱ्या कितीतरी माणसांना घरी परतता आले. त्रास मात्र होतात आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कुणाला सुस्ती येते, कुणाचे वजन व साखर वाढते, कुणाचे हातपाय ताठरतात किंवा थरथरतात, कुणाला एका जागी बसवत नाही. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. डोस कमी करता येतो, औषध बदलता येते. किती काळ घ्यायचे, हे निदानावर अवलंबून असते. पहिल्याच वेळी लवकर बरे वाटले तरी साधारण एक-दोन वर्षे औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो, काहींना अधिक काळ घ्यावे लागते. बरे वाटू लागले म्हणजे आजार गेला असे समजून औषध थांबवणे, हे आजार पुन्हा उलटण्याचे एक फार मोठे कारण आहे, आणि तो दर वेळी उलटताना माणसाचे काहीतरी घेऊन जातो.

चुलत्यांच्या सल्ल्याला मात्र ठाम नकार द्या. लग्नाने सायकोसिस बरा होत नाही; नवी जबाबदारी, अपुरी झोप आणि लपवाछपवीचा ताण यांनी तो वाढण्याचीच शक्यता अधिक. शिवाय ज्या मुलीला काहीही न सांगता या घरात आणले जाईल, तिच्या आयुष्याशी तो घोर अन्याय आहे. फसवणूक करून लावलेले लग्न हिंदू विवाह कायद्याखाली न्यायालयात रद्दही होऊ शकते. भाऊ बरा होऊन स्थिरावला, आणि त्याने स्वतः होऊ घातलेल्या जोडीदाराला सगळे सांगितले, तर त्याने लग्न करू नये असे कोणी म्हणणार नाही. आज तो प्रश्नच नाही.

शॉक आणि इस्पितळाविषयीची भीती चित्रपटांनी घातलेली आहे. विजेचा उपचार १९३८ मध्ये इटलीत सुरू झाला तेव्हा तो रुग्ण जागा असताना दिला जात असे आणि ते दृश्य भयंकरच होते. आज तो भूल देऊन आणि स्नायू सैल करणारे औषध देऊन दिला जातो, आणि त्याविना देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी घातली आहे. माणूस अन्नपाणी सोडून दगडासारखा निश्चल होतो किंवा तीव्र नैराश्यात जिवावर उठतो, अशा वेळी हा उपचार जीव वाचवतो. पण पहिल्यांदाच दाखवायला आलेल्या तुमच्या भावाला बहुधा गोळ्यांनीच सुरुवात होईल. इस्पितळाचेही तसेच. बहुसंख्य रुग्ण बाह्यरुग्ण विभागात तपासले जाऊन त्याच दिवशी घरी जातात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये ही काही उपचाराची पहिली पायरी नव्हे. तुम्ही जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या मानसोपचार विभागात जा. भाऊ भरती व्हायला तयार नसेल आणि तो स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा धोका असेल, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तरच त्याच्या इच्छेविना दाखल करता येते. तेही दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. कायमचे ठेवून घेण्याचा अधिकार आज कोणत्याही रुग्णालयाला नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा : समुपदेशकांचा पुढे उपयोग होईल, परंतु या अवस्थेत नुसत्या समुपदेशनाने भागणार नाही. औषध लिहून देऊ शकणारे मानसोपचारतज्ज्ञच हवेत.

मग त्याला न्यायचे कसे? पाळतीची कल्पना खोटी आहे हे पटवून देण्याचा प्रयत्न सोडा, कारण ती खात्री तर्कातून आलेली नसते आणि तर्काने जातही नाही. त्याच्या हो ला हो करून शेजाऱ्यांना शिव्याही घालू नका. “तुला जे ऐकू येतं ते मला येत नाही, पण त्याचा तुला किती त्रास होतोय ते मला दिसतंय, आणि तू किती रात्री झोपला नाहीस तेही दिसतंय,” असे काहीसे म्हणा. झोप हा त्यालाही मान्य असलेला त्रास असण्याची शक्यता आहे. झोपेसाठी डॉक्टरांकडे जाऊ, या बोलण्याला तो तयार होऊ शकतो. त्याचा ज्या माणसावर सर्वांत कमी संशय आहे त्या माणसाने हे बोलावे. बहुतेक ती तुम्हीच असाल. परीक्षेचे काम आहे म्हणून गाडीत बसवून दवाखान्यात उतरवण्याचा मार्ग मला मान्य नाही, कारण पुढचे कित्येक महिने त्याने तुमच्या शब्दावर गोळी घ्यायची आहे. त्याच कारणासाठी चहात किंवा भाजीत गोळी मिसळू नका. असा सल्ला तुम्हाला चार लोक देतील आणि अनेक घरांत नाइलाजाने तसे केलेही जाते. परंतु अन्नात काहीतरी घालतात असे ज्याला वाटते आहे, त्याला एकदा ते खरे निघालेले सापडले, तर आईच्या हातच्या ताटावरचा उरलासुरला विश्वासही संपेल. तो गोळी नाकारत असेल तर हे डॉक्टरांना उघडपणे सांगा. दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनेही उपलब्ध आहेत.

तो येण्यास अजिबात तयार नसला तर प्रथम तुम्ही आणि वडील जाऊन डॉक्टरांना भेटा, आणि तोवर १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर बोला. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत, आणि तिथे मराठीत बोलता येते.

आजच करायची एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण शेतकरी घरात ती विसरता येत नाही. कीटकनाशके आणि तणनाशके कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. विहिरीकडे तो एकटा जातो का, यावर लक्ष असू द्या. मनोरुग्ण म्हणजे हिंसक, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्ण कुणाच्या अंगावर जात नाहीत. इतरांकडून मार आणि अवहेलना सोसण्याची पाळीच त्यांच्यावर अधिक वेळा येते. उपचार न मिळालेल्या अवस्थेत, आणि त्यातही व्यसनाची जोड असेल तर, धोका काहीसा वाढतो हेही तितकेच खरे. परंतु या आजारात सर्वांत मोठी भीती त्याच्या स्वतःच्या जिवाची असते, विशेषतः सुरुवातीच्या काळात. “जगणं नको असं वाटतं का?” हे त्याला थेट विचारा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही, उलट दडवलेले बोलता येते. तो हो म्हणाला, किंवा आवाज आपल्याला काही करायला सांगतात असे म्हणाला, तर वेळ न दवडता १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट तातडीच्या विभागात न्या.

घरातल्या बोलण्याचा आजारावर परिणाम होतो, आणि हे वाचून आईने पुन्हा स्वतःला दोष देऊ नये म्हणून नीट मांडते. कुटुंबामुळे आजार होत नाही. परंतु आजारी माणसाला सतत टोचून बोलणे, आळशी म्हणणे, किंवा त्याला श्वासही एकट्याने घेऊ न देणे, अशा घरांतून आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते, आणि घरच्यांना समजावून सांगितल्यावर ते कमी होते, हे पक्के झाले आहे. तासन्‌तास पडून राहणे, कशातच मन नसणे, ही पुष्कळदा आजाराचीच लक्षणे असतात. वडिलांच्या तोंडून “ढोंग करतोय” हा शब्द निघत असेल तर तो थांबवणे, हे तुमच्या हातात असलेले औषधच समजा.

हा मुलगा परत पूर्वीसारखा होईल का, हे तुम्ही विचारलेले नाही; कदाचित विचारायचे धाडस झाले नसेल. निदानानुसार उत्तर बदलेल. अगदी स्किझोफ्रेनिया निघाला तरी किमान तीन जणांपैकी एक जण पूर्णपणे बरा होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळ जण औषध चालू ठेवून काम करतात, संसार करतात. काहींना दीर्घकाळ आधार लागतो. कॉलेजला सध्या वैद्यकीय रजेचा अर्ज द्या. प्रवेश रद्द करण्याची घाई नको.

आता तुमचे स्वतःचे. रक्ताचा प्रश्न तुम्ही विचारलात तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत द्यायला हवे. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे १ धरली जाते. ज्याच्या सख्ख्या भावंडाला तो आहे त्याच्या बाबतीत ती १०० मध्ये ९ ते १० पर्यंत जाते, आणि रुग्णाच्या भाच्यांच्या बाबतीत सुमारे ४. म्हणजे शक्यता वाढते, पण तुम्हाला आणि तुमच्या मुलांना तो न होण्याचीच शक्यता अजूनही कितीतरी जास्त आहे. पाहुण्यांसमोर पहिल्याच बैठकीत घरातल्या आजाराची जंत्री वाचण्याची गरज नाही. ठरण्याच्या बेताला आल्यावर मात्र ज्याच्याशी लग्न करायचे त्याला तुम्ही स्वतः, मध्यस्थामार्फत नव्हे, हे सांगावे असे माझे मत आहे. एवढ्यावरून जो मागे फिरेल त्याच्या घरात तुमच्या भावाला पुढे कोणते स्थान मिळाले असते, हे तुम्हाला आधीच कळलेले बरे. सध्या तर निदानच नाही, तेव्हा स्थळांची बोलणी थोडी पुढे ढकलायला आईवडिलांना सांगा, आणि रात्रीची जागरणे वडिलांशी वाटून घ्या.

दवाखान्यात जाताना एका कागदावर लिहून न्या : बदल कधीपासून दिसू लागला, आधी काय आणि मग काय; झोप किती होते; त्याने बोललेली दोन-तीन वाक्ये त्याच्याच शब्दांत; डोक्याला कधी मार, ताप किंवा आकडी आली होती का; आतापर्यंत कोणती औषधे, काढे किंवा अंगारे पोटात गेले; आणि दोन्हीकडच्या नात्यांत कुणाला असा त्रास होता का. शेवटच्या प्रश्नासाठी आजीशी बोला. अशी माहिती जुन्या माणसांनाच असते आणि ती सहसा कुणी आपणहून सांगत नाही.